कोरड्या डब्यातली ओली माती

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, कोपऱ्यांत गंजलेला. माझ्या झाकणावर एके काळी दोन हरणे होती. त्यातले एक पूर्ण खरवडून गेले आणि दुसऱ्याची फक्त शिंगे उरली आहेत. आज मी एका खिडकीत बसून आहे आणि माझ्या पोटात ओली माती आहे. ज्याने जन्मभर कोरडे राहण्याचीच नोकरी केली, त्याच्या पोटात ओली माती कशी आली, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले आहे. एरवी डब्याचे तोंड बंद असलेलेच बरे.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. एका यंत्राने मला कापले, दुसऱ्याने वाकवले आणि तिसऱ्याने माझे झाकण असे घट्ट बसवले की पहिल्यांदा उघडणाऱ्याचे नख तुटलेच पाहिजे. मग माझ्यात बिस्किटे भरली गेली. ज्या घरात मी आलो, तिथे ती पाहुण्यांसाठी जपून ठेवायची असे ठरले होते. पाहुणे यायच्या आत घरच्यांनीच ती फस्त केली आणि पाहुण्यांना रिकामा डबा दाखवून 'किती सुंदर आहे नाही?' असे विचारले. माणसांची ओळख मला तिथून पटू लागली.

त्या घरातली आई शिवणकाम करत असे. तिने माझ्यात बटणे, हूक आणि रिळे ठेवली. तिच्या मशीनशेजारी मी वर्षानुवर्षे बसलो. कोण झाकण कसे लावतो, यावरून मला माणूस कळतो. आई ते चारी कोपऱ्यांवर तळहाताने दाबून लावी. तिची लेक घाईघाईत एकच कोपरा दाबी आणि मग ओरडा खाई.

लेक शाळेतून आली की आई तिला उसवायला बसवी. शिवणे कुणालाही येते, उसवणे येत नाही, असे आईचे म्हणणे होते. जुन्या कपड्याची शिवण अशी उसवायची की कापडाला भोक पडता कामा नये आणि आत एकही धागा राहता कामा नये.

"धागा राहिला आत," आई कापड उजेडात धरून म्हणे.

"एवढासा तर आहे! कोण बघतंय?"

"मी बघतेय ना. काढ."

लेक कुरकुरत तो धागा काढी. असे करत करत तिचा हात इतका साफ झाला की शेजारपाजारच्या बायका उसवायचे कपडे तिच्याकडेच आणू लागल्या. हे मी मुद्दाम सांगतो आहे, मित्रांनो. या गोष्टीत पुढे जे वाटोळे झाले, ते हात साफ असल्यामुळे झाले.

लेक मोठी झाली, पुष्कळ शिकली आणि वनस्पतींचा अभ्यास करू लागली. एक दिवस तिने माझ्यातली बटणे एका पिशवीत ओतली.

"आई, हा डबा मला हवाय. याचं झाकण फार घट्ट बसतं."

"आणि माझी बटणं?"

"तुला छान प्लॅस्टिकचा आणून देते."

"म्हणजे जुनं ते तुला आणि नवं ते मला. शिकवल्याचा उपयोग झाला म्हणायचा!" आई म्हणाली खरी, पण माझे झाकण तिने स्वतः पुसून दिले.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. लेकीने माझ्या तळाशी निळे मणी पसरले. हे मणी हवेतली ओल पिऊन घेतात. कोरडे असले की निळे असतात आणि ओल प्यायले की गुलाबी पडतात. मग त्यांना भट्टीत तापवायचे, की पुन्हा निळे. डोंगरावर तोडलेले पान कागदी पाकिटात घालून या मण्यांत ठेवले, की ते न कुजता वाळते, आणि त्याच्यातला डीएनए शाबूत राहतो. डीएनए म्हणजे झाडाच्या अंगात लिहिलेली त्याची ओळख, एवढे मला समजले. पाकिटात पान, पानात ओळख आणि बाहेर मी राखणदार. मला मोठा मान वाटला. बटणांची राखण करताना असा मान कधी वाटला नव्हता.

ज्या फुलासाठी हा सगळा खटाटोप होता, त्याचे नाव धुकेरी. गुडघ्याएवढे झुडूप, जाड केसाळ पाने आणि खाली मान घातलेली जांभळट पांढरी फुले. ती जगात एकाच डोंगराच्या माथ्याजवळ उगवत असे, जिथे वर्षातले बरेच दिवस ढग टेकलेला असतो. पण हवा तापू लागली तसा ढग वर सरकला. खालच्या कडेची धुकेरी करपू लागली. ढगाच्या मागे तीही वर गेली असती, पण डोंगराला वर जायला आणखी डोंगर नव्हता.

त्याहून वाईट गोष्ट निराळीच होती. धुकेरी दर हंगामात उतार भरून फुलायची, पण तिला बी धरत नसे. लहान रोप कुणी पाहिलेच नव्हते. लेकीला शोधायचे होते ते हेच. बी मिळाले, तर दुसऱ्या एखाद्या उंच, गार डोंगरावर धुकेरी लावता आली असती. नाही मिळाले, तर हे फूल संपणार. तिच्यापुढे एवढाच हिशोब होता, आणि त्यात तिसरा रकाना नव्हता.

डोंगरावर तिच्याबरोबर तिचे सर येत. सरांनी उभा जन्म झाडांचे नमुने गोळा करण्यात घालवला होता. वाळवलेले झाड जाड कागदावर चिकटवून ते संग्रहात ठेवत. संग्रह म्हणजे लोखंडी कपाटांची लांबच लांब खोली. तिथे सर असे वावरत, जणू प्रत्येक कपाटात त्यांचे एकेक नातवंड झोपले आहे. त्यांचा नियम एकच होता. मूळ, पान, फूल आणि फळ, चारही असतील तोच पूर्ण नमुना. बाकी सगळा, त्यांच्या शब्दांत, 'पालापाचोळा'. स्वतःच्या डोक्यावर चार केस उरले होते, पण झाडाचे एक पान जरी कमी असले तरी त्यांना खपत नसे.

पाने गोळा करायचीही रीत होती. एका झुडपापासून बरीच पावले दूर जायचे, मग दुसऱ्याचे पान घ्यायचे, म्हणजे नमुने वेगवेगळ्या झाडांचे येतात. लेक पावले टाकी, पान तोडी, पाकिटावर लिही आणि माझ्या पोटात ठेवून झाकण पटकन लावी. आता ती चारी कोपरे दाबत असे. ढगात कपडे निथळत, भाकरीसारखी फुगलेली सरांची वही भिजे, पण माझ्यातले मणी निळेच राहत.

शेवटच्या फेरीत एका कड्याच्या खोबणीत लेकीला एक एकटे झुडूप दिसले. लहानसे होते, बहुधा पहिल्यांदाच फुललेले. फुले गळून गेली होती, आणि एका देठावर हिरवे बोंड धरले होते.

"सर! सर, इकडे या! फळ!"

सर त्या वयात कड्यावरून जसे धावले, ते पाहून माझे झाकण उडायचे राहिले.

"फळ," ते धापा टाकत म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिलं फळ. आता नमुना पूर्ण होणार!"

"सर, एकच बोंड आहे. फोटो काढून ठेवूया का? पिकल्यावर परत येऊ."

"परत येईपर्यंत पाखरू खाईल, नाहीतर वारा पाडेल. आणि फोटोला मूळ असतं का?"

लेकीने बोंडाला हलकेच बोट लावले. मग म्हणाली, "म्हणजे अख्खंच काढायचं?"

"अगं, डोंगरभर आहे ही. मागे वळून बघ जरा. एकाला फळ धरलं, म्हणजे पुढच्या हंगामात आणखीही धरेल; बी त्यांचं घेऊ. एकानं काय होतंय?"

लेकीने मागे वळून पाहिले. खरेच, सगळा उतार धुकेरीने पांढरा झाला होता. तिने एक पान तोडून पाकिटात घातले आणि ते माझ्या हवाली केले. मग खुरपे घेऊन ती गुडघ्यांवर बसली. खोबणीतली माती तिने बोटांनी मोकळी केली, दगडाच्या फटीत शिरलेली मुळे एकेक करून सोडवली. अगदी शिवण उसवावी तशी. झुडूप हातात आले तेव्हा त्याचा एकही तंतू तुटलेला नव्हता.

"वा!" सर म्हणाले. "माझ्याकडे इतके विद्यार्थी येऊन गेले, पण असा हात नाही पाहिला. आत काही राहिलं नाही ना?"

"धागाही नाही," लेक हसून म्हणाली.

तिच्या कामगिरीचा तो सर्वांत आनंदाचा दिवस होता. परतताना दोघे गाडीत गाणी म्हणत होते. सर बेसूर आणि लेक त्यांच्याहून बेसूर.

नंतर झुडूप कागदांत दाबले गेले, गरम कपाटात वाळवले गेले आणि किडा लागू नये म्हणून त्याला औषधाची धुरी दिली गेली. मग तो पूर्ण नमुना संग्रहाच्या दारासमोर काचेत लावला गेला. येणारा-जाणारा थांबून पाहू लागला. सर रोज त्याच्यासमोरून जायचे कारण शोधत.

आणि मी प्रयोगशाळेच्या टेबलावर आलो. तिथे पानांतून डीएनए काढणारा एक तंत्रज्ञ होता. दिवसभर तो बारीक नळीने थेंब मोजून टाकत असे, म्हणून त्याला सगळे थेंबमास्तर म्हणत. बोलताना मात्र तो थेंबाथेंबाने बोलत नसे, पिंपच उपडे करी. माझे झाकण तो उलटे ठेवी. अशा माणसाला काय म्हणावे?

एक दिवस तो लेकीकडे आला आणि हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही डोंगरावर गेला होता, की पायथ्याशी बसून एकाच झुडपाची पानं सगळ्या पाकिटांत भरली?"

"काय बोलताय काय!"

"मी नाही बोलत, यंत्र बोलतंय. सगळे नमुने एकसारखे. सारखे म्हणजे भाऊ-बहीण नव्हे. एकच. तोच जीव."

लेकीने त्याला पुन्हा करायला लावले. पुन्हा तेच आले. मग ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ माझ्या झाकणावरच्या शिंगांकडे बघत राहिली. तिला उमजले होते. धुकेरी जमिनीखालून मुळे पसरते आणि मुळांना फुटवे येतात. सगळा उतार म्हणजे एकच जुने झाड होते, शेकडो ठिकाणी डोके वर काढलेले. लेक पावले टाकत जिथे जिथे गेली, तिथे तिथे तीच धुकेरी तिची वाट बघत होती. आणि धुकेरीला स्वतःचे पराग चालत नाहीत. बी धरायला दुसरे झाड लागते. म्हणून एवढ्या फुलांत बी नव्हते. उतार भरला होता, आणि उतारावर कुणी दुसरे नव्हतेच.

"तसं एक पाकीट बिघडलंय," थेंबमास्तर म्हणाला. "त्यातलं भलतंच येतंय. दोनदा केलं. माझ्या हातून काहीतरी मिसळलं असणार, म्हणून बाजूला ठेवलं."

"कुठलं पाकीट?"

त्याने ते पुढे केले. लेकीने वरचे अक्षर वाचले. मित्रांनो, मी माणसे पुष्कळ पाहिली आहेत, पण चेहऱ्यावरून रंग असा उतरताना कधी पाहिला नाही. माझे मणीसुद्धा निळ्याचे गुलाबी व्हायला वेळ घेतात.

ते कड्याच्या खोबणीतले पान होते.

"हे बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "हेच दुसरं झाड होतं."

थेंबमास्तराने ते पाकीट दोन्ही हातांनी उचलून माझ्यात ठेवले आणि झाकण पहिल्यांदाच सुलटे लावले.

बोंड त्याच झुडपावर का धरले, हे आता लहान पोरालाही सांगता आले असते. ते वेगळे होते म्हणूनच त्याला फळ धरले. कधीकाळी तिथे दुसरीही एखादी धुकेरी असेल आणि तिचा हा शेवटचा फुटवा असेल. यंदा त्याला मोजकीच फुले आली होती; ते खोबणीत राहिले असते, तर पुढच्या हंगामात त्याचे पराग घेऊन माश्या साऱ्या उतारावर फिरल्या असत्या. पण फळ धरले म्हणून त्याचा पूर्ण नमुना झाला. लग्न ठरले, आणि त्याच आनंदात नवऱ्यामुलाला फोटोच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगले, असा तो प्रकार.

लेक पुन्हा डोंगरावर गेली. मीही गेलो. खोबणीत शेवाळ आले होते. धुकेरीचे मूळ बोटभर जरी आपल्या जागी मातीत राहिले, तरी त्याला फुटवा येतो; दुसरीकडे नेऊन लावले, तर मात्र ते जगत नाही. तिने ती फट बोटांनी चाचपली, विजेरीने पाहिली. आत काही नव्हते. मग तिने तो सगळा कडा आणि त्याच्या बाजूचे कडे पालथे घातले. जिथे जिथे वेगळे वाटले, तिथले पान माझ्यात आले. ती सगळी पानेही तीच जुनी धुकेरी निघाली.

ती घरी आली आणि मला मशीनच्या फळीवर ठेवून आईच्या समोर बसली. तिने सगळे सांगितले. आईने पाय थांबवला.

"मग त्या एका पानातून परत झाड नाही करता येत?"

"नाही, आई. ती किती वेगळी होती एवढंच त्यातून वाचता येतं."

"आणि मुळाचा एखादा तुकडा? मागं राहिलाच असेल की गं. काढताना राहतोच."

"नाही राहिला," लेक म्हणाली. "मी एकही धागा ठेवला नाही."

आईला ते कळले. तिने हातातले कापड खाली ठेवले. त्या घरात त्या दिवशी मशीन पुन्हा चालले नाही.

आता आशा एकाच ठिकाणी होती. काचेतल्या बोंडात. लेक सरांकडे गेली. संग्रहातल्या नमुन्याला कात्री लावायची नाही, हा नियम सरांनीच केला होता आणि दारावर मोठ्या अक्षरांत लावला होता. लेक बोलत होती तोवर ते खिडकीबाहेर पाहत होते.

"मीच म्हणालो होतो ना?" त्यांनी विचारले. "डोंगरभर आहे म्हणून?"

"काढली मी, सर."

"हात तुझा होता. जीभ माझी होती." ते उठले. काच त्यांनी स्वतः काढली. बोंड त्यांनी लेकीच्या तळहातावर धरून उघडले. आतून काळे, बारीक, दिसायला धडधाकट बी बाहेर पडले. अर्धेकच्चे खुडलेले, गरम कपाटात भाजलेले आणि धुरी घेतलेले. सर त्याच्याकडे पाहत म्हणाले, "मी अपूर्ण नमुन्याला पालापाचोळा म्हणायचो."  त्यानंतर संग्रहाच्या खोलीत ते फारसे दिसले नाहीत.

बी पेरायला सगळे कुंडी शोधू लागले, तेव्हा लेकीने मला पुढे केले. थेंबमास्तराने माझ्या बुडाला खिळ्याने भोके पाडली.

"चांगला डबा होता हो," तो म्हणाला.

निळे मणी काढले गेले. डोंगरावरची माती भरली गेली. पाणी शिंपडले गेले. ओल आत येऊ द्यायची नाही, हा माझा धर्म होता. पण त्या दिवशी मी ती माती पोटाशी धरली आणि मनात म्हटले, गंज चढला तरी चालेल, एक कोंब येऊ दे.

हंगाम उलटला. कोंब आला नाही. लेक रोज सकाळी माझ्यावर वाकते, मातीवर बोट टेकवते, थोडे पाणी घालते. एकदा एक हिरवे टोक दिसले तेव्हा तिने आईला हाक मारली होती. ते गवत निघाले. तेही तिने उपटले नाही. तिला आता काही उपटवत नाही.

परवा आई खिडकीशी आली. तिची नजर अधू झाली आहे, पण माझे चारी कोपरे तिने हाताने चाचपली.

"बुडातून माती गळतेय याच्या. सडला बिचारा. टाकू का?"

"राहू दे."

"अगं, काही यायचं नाही आता त्यातून."

"माहितीये मला."

आई तिच्या शेजारी उभी राहिली. "नीट उसवलेलं पुन्हा शिवता येतं, असं मी तुला शिकवलं होतं," ती म्हणाली. "सगळंच नाही येत गं. हे मलाही माहीत नव्हतं."

मित्रांनो, डोंगरावर धुकेरी यंदाही फुलली आहे म्हणे. उतार पांढरा झाला आहे. वाटेने जाणारे लोक म्हणत असतील, केवढी ही फुले, काय तोटा आहे! खालची कड आणखी वर सरकली आहे. ती फुले उमलतील, माश्या येतील, आणि धुकेरीचाच निरोप धुकेरीला देऊन परत जातील. असे किती हंगाम चालेल, ते ढगालाच ठाऊक.

मी तुम्हाला एकच मागणे मागतो. जे उतार भरून दिसते, ते पुष्कळ असेलच असे धरून चालू नका. काही उपटण्याआधी विचारा, हे एकटे तर नाही ना? उत्तर ठाऊक नसेल, तर हात मागे घ्या. आणि तरीही काढावेच लागले, तर जरा अडाणीपणे काढा. एखादे मूळ आत तुटू द्या. एखादा धागा राहू द्या.

सकाळ झाली आहे. लेक पाणी घेऊन येते आहे. माझ्या बुडात आता पाणी थांबत नाही, ती घालते आणि ते तसेच खिडकीच्या कठड्यावर उतरते. ती ते फडक्याने पुसते आणि पुन्हा घालते.